माती राखणाऱ्याचे मोल: जर्मनीकडून घ्यावयाचा धडा

ऊस आणि बीट यांचे वैर जुने आहे. १७४७ साली बर्लिनच्या आंद्रेआस मार्गग्राफ या रसायनशास्त्रज्ञाने बीटाच्या कंदातील साखर आणि उसाची साखर एकच असल्याचे दाखविले. पुढे त्याचाच शिष्य फ्रान्झ कार्ल आखार्ड याने १८०१ साली सायलेशियातील कुनेर्न येथे बीटापासून साखर काढण्याचा पहिला कारखाना उभारला. तेव्हापासून युरोपच्या थंड मातीतला हा कंद आपल्या बेटावरच्या उसाच्या वाटेत उभा आहे. १९७५ च्या लोमे कराराने आपल्या साखरेला युरोपात हमीचा भाव मिळाला, तेव्हा चार दिवस बरे गेले. २००९ साली ती व्यवस्था संपली, आणि त्यानंतर आपली साखर युरोपात विकण्याचा मोठा करार झाला तो मानहाइमच्या ‘स्युडझुकर’ कंपनीशी, म्हणजे जर्मनीतल्या बीटवाल्यांशीच! २०१७ साली युरोपने आपल्या बीटसाखरेवरची कोट्याची मर्यादा उठविली आणि बाजारात भाव कोसळले. त्याची झळ आपल्या कितीतरी घरांना लागली.

तेव्हा जर्मन शेतकऱ्याला त्याचे सरकार कशासाठी पैसे देते, हा प्रश्न आपल्याला परका नाही. आज त्या देशात या प्रश्नाने एक नवे वळण घेतले आहे. तेथे आता पिकाइतकीच मातीची चर्चा चालू आहे, आणि तिच्याकडे आपण लक्ष दिले पाहिजे असे आम्हांस वाटते.

युरोपात गेली काही वर्षे ‘कार्बन फार्मिंग’ हा शब्द गाजतो आहे. मराठीत आपण त्याला कर्बशेती म्हणू. कल्पना सोपी आहे. झाड हवेतला कर्ब घेते. त्याची पाने आणि मुळे मातीत मिसळून कुजतात, आणि त्या कर्बाचा काही भाग काळसर, भुसभुशीत ह्यूमसच्या रूपाने जमिनीत राहतो. ज्या मातीत ह्यूमस अधिक, ती पाणी अधिक धरते, मुसळधार पावसात कमी वाहून जाते आणि तिच्यात गांडुळे नांदतात. शिवाय जितका कर्ब जमिनीत राहील तितका तो हवेत कमी जाईल आणि हवा तापविण्यास कमी कारणीभूत होईल. आपल्या आजोबा-पणजोबांना कर्ब हा शब्द ठाऊक नव्हता. परंतु गोठ्यातले शेण उकिरड्यावर मुरवून मगच शेतात न्यायचे, ही त्यांची रीत याच शहाणपणातून आलेली होती.

आता प्रश्न असा की, हे शहाणपण पाळणाऱ्या शेतकऱ्याला सरकारने मोबदला द्यावा काय? आणि द्यावयाचा तर कशाचा? मातीत जमलेल्या कर्बाच्या टनांचा, की माती राखण्यासाठी केलेल्या कामाचा? आमच्या मते जर्मनीचा अनुभव याचे उत्तर देतो. पैसे कामाचे द्यावेत, ते वर्षानुवर्षे खात्रीने द्यावेत, आणि नवा कर्ब साठविण्याच्या गप्पांपूर्वी आहे तो कर्ब घालविणे थांबवावे. हे उत्तर कसे निघते ते पाहू.

जर्मनीत मातीचा विचार आजकालचा नाही. बर्लिनजवळच्या म्योग्लिन गावी आल्ब्रेश्ट टेअर याने १८०६ साली शेतीचे विद्यालय काढले. झाडाचे अन्न ह्यूमसमध्ये असते, अशी त्याची शिकवण होती. पुढे गीसेनच्या युस्टुस फॉन लीबिग याने १८४० साली आपल्या ग्रंथात ती खोडून काढली. झाड कर्ब हवेतून घेते आणि मातीतून खनिजे घेते, असे त्याने प्रतिपादन केले. लीबिगचे म्हणणे बरोबर होते, आणि त्यातूनच खतांचे युग सुरू झाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आपल्या बेटावरच्या ऊसमळ्यांसाठीही ग्वानो जहाजातून येऊ लागला. १९१३ साली ऱ्हाइनकाठच्या ओपाऊ येथे हवेतल्या नत्रापासून खत करण्याचा कारखाना सुरू झाला, आणि सुपीकता पोत्यातून विकत मिळू लागली. शेणखताची गरजच काय, असे मग पुष्कळांना वाटू लागले.

परंतु टेअरने जे डोळ्यांनी पाहिले होते तेही खोटे नव्हते. हाल्ले शहराजवळच्या बाड लाउखश्टेट येथे १९०२ सालापासून एका शेतावर अखंड प्रयोग चालू आहे. काही पट्ट्यांना शेणखत, काहींना नुसते रासायनिक खत, काहींना दोन्ही आणि काहींना काहीच नाही. शंभरावर वर्षांच्या नोंदींनंतर दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. पहिली, शेणखत मिळालेल्या पट्ट्यांतील ह्यूमस उपाशी पट्ट्यांपेक्षा निश्चित अधिक आहे. दुसरी, ही वाढ अखंड चालत नाही. काही दशकांनी माती एका पातळीवर येऊन थांबते, आणि ती पातळी टिकवायची तर खत घालणे चालूच ठेवावे लागते. या दोन्ही गोष्टी वाचकांनी ध्यानात ठेवाव्यात. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

जर्मन सरकारने एक गोष्ट शहाणपणाची केली. पैसे वाटण्याची मोठी भाषा करण्याआधी त्याने आपली तिजोरी मोजली. ब्राउनश्वाइग येथील थ्युनेन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०११ पासून काही वर्षे सबंध देशावर आठ-आठ किलोमीटरची चौकट आखून ३,१०४ ठिकाणची शेतजमीन एक मीटर खोलीपर्यंत खणून तपासली, आणि २०१८ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. जर्मनीच्या शेतजमिनीत सुमारे २५० कोटी टन सेंद्रिय कर्ब असल्याचे त्यात दिसून आले. नांगरटीच्या जमिनीत हेक्टरी सरासरी सुमारे ९६ टन, तर कायम कुरणाखालच्या जमिनीत सुमारे १३५ टन. म्हणजे कुरण नांगरले की वर्षानुवर्षांची शिल्लक उधळली. म्हणून आज त्या देशात कायमचे कुरण नांगरावयाचे तर शेतकऱ्याला आधी परवानगी काढावी लागते.

कायदाही त्यांनी केलेला आहे. १९९८ च्या मार्चमध्ये संमत झालेल्या भूमिसंरक्षण कायद्याने शेतकऱ्यावर चांगल्या शेतीचे कर्तव्य घातले. जमिनीची धूप टाळावी, ओल्या जमिनीवर जड यंत्रे फिरवून ती दाबू नये, फेरपालट करावी आणि त्या त्या जागेला साजेसे ह्यूमसचे प्रमाण राखावे, असे त्यात लिहिले आहे. शब्द उत्तम आहेत. परंतु हे कर्तव्य शेतीखात्याच्या सल्लागारांनी समजावून सांगावयाचे, एवढीच त्याची धाव. न पाळल्यास सरळ दंड नाही, पाळल्यास बक्षीसही नाही. असा कायदा देव्हाऱ्यात राहतो, शेतात उतरत नाही.

आता खऱ्या दुखण्याकडे वळू. जर्मनीच्या उत्तर भागात, आणि दक्षिणेस बव्हेरियातही, पाणथळ पीटजमिनी आहेत. हजारो वर्षे पाण्याखाली अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे थर म्हणजे पीट. या जमिनीतले पाणी काढून ती कोरडी केली की थरांना हवा लागते, ते कुजू लागतात आणि साठलेला कर्ब वायू होऊन निघून जातो. आज जर्मनीतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक पीटजमिनी कोरड्या केलेल्या आहेत. त्यांतून दरवर्षी सुमारे ५ कोटी ३० लाख टन कर्बवायू हवेत जातो. हा त्या देशाच्या एकूण उत्सर्जनाचा सुमारे सात टक्के हिस्सा झाला. कोरड्या पीटवरील एका हेक्टर कुरणातून वर्षाला तीस टनांच्या आसपास वायू निघतो. साध्या शेतात ह्यूमस वाढवून एका हेक्टरात वर्षाकाठी जे साठविता येते, ते याच्यापुढे अगदीच थोडे.

पण ही जमीन कोरडी केली कोणी? सरकारनेच! प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिक राजाने १७४७ पासून ओडर नदीकाठच्या ओडरब्रुखची दलदल आटवून तेथे वसाहती बसविल्या, आणि त्याचा मोठा गौरव झाला. दोनशे वर्षांनी, १९५० साली, पश्चिम जर्मनीच्या संसदेने एम्सलांड योजना मंजूर केली. युद्धातून निर्वासित होऊन आलेल्यांना जमीन हवी होती, देशाला अन्न हवे होते. म्हणून अवाढव्य नांगर लावून तेथल्या पीटजमिनी उलथ्यापालथ्या केल्या गेल्या. त्या काळी ते देशकार्यच होते, आणि ते करणाऱ्यांना आज नावे ठेवणे सोपे असले तरी न्यायाचे नाही.

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच देशाच्या मंत्रिमंडळाने पीटजमीन संरक्षणाचे राष्ट्रीय धोरण मंजूर केले. २०३० पर्यंत या जमिनींतून निघणारा वायू वर्षाला ५० लाख टनांनी कमी करावयाचा, असे त्याचे ध्येय. त्यासाठी जमिनी पुन्हा ओल्या करावयाच्या, आणि त्यांवर वेत, पाणगवत यांसारखी ओलीत वाढणारी पिके घ्यावयाची. म्हणजे ज्या चरांसाठी बापाला अनुदान मिळाले, तेच चर बुजविण्यासाठी मुलाला अनुदान! अशा शेतकऱ्याने उद्या सरकार पुन्हा मत बदलणार नाही कशावरून, असे विचारले तर त्याला हट्टी म्हणता येईल काय?

ही शंका दूर व्हावयाची तर पैशाला मुदत लागते. मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न या ईशान्येकडील राज्याने २०११ च्या सुमारास ‘मोअरफ्यूचर्स’ नावाची प्रमाणपत्रे काढली. पीटजमीन ओली करून वाचविलेल्या प्रत्येक टन वायूमागे एक प्रमाणपत्र, आणि ते कोणीही विकत घ्यावे. योजना तीस ते पन्नास वर्षांच्या हिशोबाने आखलेल्या असतात. येथे मोजणे त्या मानाने सोपे आहे, कारण पाणी किती वर आले हे दिसते. आणि एकदा पाणी वर आले की थर कुजणे थांबते. हा व्यवहार आम्हांस पुष्कळसा प्रामाणिक वाटतो.

साध्या शेतातल्या ह्यूमसची गोष्ट मात्र निराळी. ऑस्ट्रियातील काइनडोर्फ भागात २००७ पासून ह्यूमस वाढविणाऱ्या शेतकऱ्याला टनामागे पैसे देण्याचा प्रयोग सुरू झाला, आणि त्याचे अनुकरण जर्मनीत खासगी मंडळींनी केले. मातीचा नमुना घ्यावयाचा, काही वर्षांनी पुन्हा घ्यावयाचा, आणि वाढलेल्या कर्बाची प्रमाणपत्रे कारखानदारांना विकावयाची. कारखानदार मग आपल्या धुराची भरपाई झाली असे सांगावयास मोकळा!

या व्यवहारावर जर्मन मृदाशास्त्रज्ञांनीच आक्षेप घेतले आहेत, आणि ते आम्हांस पटतात. पहिला, एकाच शेतात दहा पावलांवर मातीचा कर्ब बदलतो. तेव्हा थोड्या वर्षांतली थोडी वाढ खात्रीने मोजणे कठीण. दुसरा, शेजारच्या गावातले शेणखत आणून आपल्या शेतात टाकले तर आपले शेत सुधारते, शेजाऱ्याचे खंगते, आणि हवेचा फायदा शून्य. तिसरा, ह्यूमस नुसत्या कर्बाचा होत नाही. एक टन कर्ब मातीत धरून ठेवावयाचा तर त्याबरोबर ८० ते १०० किलो नत्र लागते, आणि ते कोठून तरी यावेच लागते. चौथा आणि सर्वांत मोठा, खत घालणे थांबले किंवा जमीन मालकाने मोडली की साठा पुन्हा हवेत जातो. कारखान्याचा धूर मात्र गेला तो गेलाच. लाउखश्टेटचा धडा हाच आहे. माती ही कुलूप लावलेली पेटी नव्हे. ती चुलीसारखी आहे, रोज सरपण लागते.

युरोपीय संघाने २०२४ च्या अखेरीस या प्रमाणपत्रांसाठी नियम करणारा कायदा केला. त्यात कर्बशेतीचे काम किमान पाच वर्षे चालले पाहिजे, आणि मातीत साठविलेल्या कर्बाची प्रमाणपत्रे तात्पुरती समजावी, असे ठरविले आहे. मुळीच नियम नसण्यापेक्षा हे बरे. पण पाच वर्षे म्हणजे शेताच्या आयुष्यात किती? आपल्याकडे उसाची एक लागण आणि तिचे खोडवेसुद्धा त्याहून अधिक वर्षे चालतात!

जर्मन सरकारने स्वतः टनांच्या व्यापारापेक्षा कामाला मदत करण्याचा मार्ग अधिक धरला आहे. २०२२ साली शेतीखात्याच्या पैशाने ‘हुमुसक्लिमानेट्झ’ नावाची योजना सुरू झाली. तिच्यात रासायनिक शेती करणारे आणि सेंद्रिय शेती करणारे, अशा दोघांच्याही संघटना एकत्र आल्या आहेत. १५० शेतांवर आच्छादन, आंतरपिके, द्विदल पिकांची फेरपालट, बांधावरची झाडे असे उपाय करून त्यांच्या नोंदी ठेवल्या जातात. २०२३ च्या मार्चमध्ये निसर्गाच्या साहाय्याने हवामान राखण्याचा सरकारी कार्यक्रमही मंजूर झाला, आणि त्यासाठी २०२६ पर्यंत ४०० कोटी युरोंची तरतूद सांगण्यात आली. यामागे निकड आहे. जर्मनीची भिस्त जंगलांवर होती. पण अवर्षण आणि किडीने जंगले इतकी मोडली की २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत, २०१७ पासून ती कर्ब साठविण्याऐवजी गमावीत असल्याचे दिसले.

आता या धोरणातले तोकडेपणही पाहिले पाहिजे. २०२३ पासून युरोपच्या शेती अनुदानातील काही भाग, जर्मनीत थेट अनुदानाचा सुमारे २३ टक्के, स्वेच्छेने घेतलेल्या निसर्गरक्षक कामांसाठी राखून ठेवलेला आहे. त्यात शेतात झाडांच्या रांगा लावण्याचाही पर्याय होता. पहिल्या वर्षी २५,००० हेक्टरांचे उद्दिष्ट ठेवले. प्रत्यक्षात शंभर हेक्टरसुद्धा आले नाहीत. कारण काय? हेक्टरी ६० युरो, आणि त्यासाठी कागदांचा भारा! पुढच्या वर्षी रक्कम २०० युरो करावी लागली. शेतकरी आळशी नव्हता. त्याला हिशोब येत होता.

दुसरे तोकडेपण विश्वासाचे. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने सरकारच्या निधीतील ६,००० कोटी युरोंची तरतूद रद्द ठरविली. खजिन्यात खड्डा पडला, आणि तो भरण्यासाठी शेतकऱ्यांच्या डिझेलवरील सवलत काढण्याची घोषणा झाली. २०२४ च्या जानेवारीत हजारो ट्रॅक्टर बर्लिनच्या ब्रांडेनबुर्ग दरवाजापाशी उभे राहिले. सरकारने मग ती सवलत टप्प्याटप्प्याने काढू म्हटले, आणि २०२५ साली आलेल्या नव्या सरकारने ती पुन्हा देण्याचे ठरविले. त्याच गोंधळात पडीक ठेवावयाच्या जमिनीचा नियमही मागे घेतला गेला. दर वर्षी ज्याचे नियम बदलतात, असा करार वीस वर्षांत फळ देणाऱ्या कामासाठी कोण करील? त्यात जर्मनीतील सुमारे साठ टक्के शेतजमीन कसणाऱ्याच्या मालकीची नाही. ती खंडाने घेतलेली आहे. चार-सहा वर्षांच्या खंडावर घेतलेल्या जमिनीत ह्यूमस कोण वाढवील, आणि कोणासाठी?

मात्र त्याच देशात एक जुनी व्यवस्था आहे, ती आम्हांस सर्वांत शिकण्यासारखी वाटते. मुंबईचे १९६८ पासूनचे जोडशहर श्टुटगार्ट ज्याची राजधानी आहे, त्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने १९८८ साली एक निराळा मार्ग काढला. विहिरींच्या पाण्यात खतांतले नत्र उतरत होते. सरकारने जलरक्षण क्षेत्रातील शेतकऱ्यांवर खतांची बंधने घातली, आणि त्यांना होणारा तोटा भरून देण्याचे मान्य केले. त्याच सुमारास पाणी उपसण्यावर थोडा आकार बसविला. लोकांनी त्याचे नाव ‘पाण्याचा फेनिग’ असे पाडले. फेनिग म्हणजे त्यांचा पैसा. नळाचे पाणी पिणाऱ्याने चार पैसे द्यावेत, आणि ते पाणी राखणाऱ्याला मोबदला मिळावा, असा हा सरळ हिशोब. यात धुराची प्रमाणपत्रे नाहीत की टनांची खरेदी-विक्री नाही. ज्याचा लाभ त्याने द्यावे, ज्याचे काम त्याने घ्यावे.

वाचकहो, आता आपल्या घराकडे पाहू. आपल्या बेटावर उसाखालचे क्षेत्र गेल्या चाळीस वर्षांत जवळपास निम्म्यावर आले आहे. लहान शेतकऱ्यांनी शेते सोडली, कारण तोडणीला माणूस मिळत नाही आणि भावाची खात्री नाही. मुंबई बंदरातून येऊन, कोठीच्या मळ्यात राबून, ज्यांनी पै-पै साठवून दोन अर्पां जमीन घेतली आणि तिच्यातले काळे दगड वेचून बांध रचले, त्यांच्या नातवंडांच्या वाट्याला आज ती जमीन काट्याकुट्यांनी भरलेली येते. मग एखादा दलाल येतो, मोर्सेलमांचा नकाशा दाखवितो आणि शेताचे प्लॉट पडतात. ज्यांनी जमीन विकली त्यांना आम्ही दोष देत नाही. मुलांचे शिक्षण, घराचे कर्ज, म्हाताऱ्यांचे औषधपाणी, हे सर्वांनाच आहे. पण एवढे निश्चित समजावे की, सिमेंट घातलेली माती परत मिळत नाही. जर्मनीत रोज सुमारे पन्नास हेक्टर जमीन वस्ती आणि रस्त्यांखाली जाते, आणि ती २०३० पर्यंत तीस हेक्टरांच्या आत आणण्याचे ध्येय आहे. एवढ्या मोठ्या देशाला ही काळजी वाटते. आपल्या एवढ्याशा बेटाला किती वाटावी!

काही जण म्हणतील, आपले बेट जगाच्या नकाशावर ठिपक्याएवढे; आपण कर्ब साठविला काय आणि घालविला काय, हवेला काय फरक पडणार? आम्हांला हा युक्तिवाद मान्य आहे, आणि म्हणूनच आम्ही टनांचा हिशोब मांडत नाही. माती राखावयाची ती आपल्यासाठी. आपल्या अन्नाचा बहुतेक भाग जहाजातून येतो. वादळी पावसात लाल माती वाहून खाडीत आणि प्रवाळांवर जाते, तेव्हा शेतकरी आणि कोळी दोघेही बुडतात. उन्हाळ्यात धरणे आटली की भाजीचे भाव कडाडतात. पाणी धरणारी माती हा या तिन्हींवरचा उपाय आहे. हवेचे कल्याण झाले तर तो वरचा नफा समजावा.

मग आपल्या सरकारकडे काय मागावे? आमचे म्हणणे थोडक्यात असे.

प्रथम आपली तिजोरी मोजावी. १९५३ पासून रेद्वी येथे उसाच्या संशोधनाची परंपरा आहे, मातीची जाण असलेली माणसे आहेत. सबंध बेटाची, उसाखालची, भाजीखालची आणि पडीक, अशा सर्व मातीची एकदा तपासणी व्हावी आणि प्रत्येक लहान शेतकऱ्याला त्याच्या जमिनीचा दाखला त्याला समजेल अशा भाषेत मिळावा. भारतात २०१५ पासून मातीच्या आरोग्यपत्रिका वाटल्या जातात. हे काम अशक्य नाही.

दुसरे, मदत पोत्याची न देता कामाची द्यावी. खतासाठी सवलती आजवर मिळत आल्या आहेत. त्यांच्या जोडीला पाचट न जाळता सरीत पसरणाऱ्याला, कारखान्याची मळी आणि कंपोस्ट शेतात नेणाऱ्याला, दोन लागणींच्या मध्ये ताग किंवा इतर द्विदल पेरणाऱ्याला आणि उतारावर बांध व गवताचे पट्टे राखणाऱ्याला अर्पांमागे ठराविक रक्कम मिळावी. चिपाडापासून वीज होते आणि तिचे पैसे मिळतात ही चांगली गोष्ट आहे. पण पाचटही बॉयलरकडे नेण्याचे प्रयोग झाले आहेत, त्याबाबत सावध राहावे. जो पाला मातीचे अन्न आहे, तो सगळाच चुलीत घालू नये. जाळण्याला दाम आणि राखण्याला रामराम, असे होता कामा नये.

तिसरे, मुदत लांब असावी आणि कागद थोडे असावेत. जर्मनीत साठ युरोंसाठी कोणी अर्ज भरले नाहीत. आपल्याकडच्या सत्तर वर्षांच्या आजोबांनी ते भरावेत अशी अपेक्षा कशी धरावी? करार निदान दहा वर्षांचा असावा, आणि मंत्री बदलला म्हणून तो बदलू नये. सरकारी जमीन पट्ट्याने कसणाऱ्यालाही त्याचा लाभ मिळावा, आणि माती राखणाऱ्याचा पट्टा वाढवून द्यावा.

चौथे, पैसा कोठून आणावयाचा? येथेच आपला इतिहास कामी येतो. १९४६ साली याच बेटावर वादळ आणि अवर्षण यांपासून ऊसवाल्यांना सावरणारा विमा निधी उभा राहिला. शेतकऱ्यांनी वर्गणी भरावयाची आणि वाईट वर्षी ज्याचे पीक गेले त्याला भरपाई मिळावयाची. ज्या बेटाला ऐंशी वर्षांपूर्वी हे सुचले, त्याला मातीचा निधी सुचू नये काय? शेतजमिनीचे प्लॉट पाडताना आणि व्हिला उठविताना जो नफा होतो, त्यातला काही हिस्सा या निधीत यावा. पाणी उपसणाऱ्या मोठ्या हॉटेलांनी ‘पाण्याचा फेनिग’ द्यावा. ज्यांना बेटाची हिरवळ आणि निळी खाडी दाखवून पैसा मिळतो, त्यांनी ती हिरवळ राखणाऱ्याचे देणे द्यावे, यात अन्याय काय?

आणि आपण स्वतः? सारेच सरकारवर टाकून हात झटकणे मराठी माणसाला शोभत नाही. आपल्या गावोगावच्या मंडळांनी गणेशोत्सवाच्या नियोजनासाठी बैठका भरतात तशी एक बैठक पडीक शेतांसाठी भरवावी. कोणाच्या अर्ध्या अर्पांवर कोण भाजी लावू शकतो, कोणाकडे गाई आहेत आणि कोणाच्या शेताला शेण हवे आहे, चार भावांत वाटणी न झालेली जमीन एकत्र कशी कसता येईल, याची यादी करावी. तरुणांपैकी जे शिकले-सवरलेले आहेत त्यांनी माती तपासून घेण्याची आणि अर्ज भरण्याची जबाबदारी घ्यावी. जमीन विकण्याचा विचार ज्या घरात चालू असेल, त्यांनी सही करण्यापूर्वी एकदा तरी ती दहा वर्षांसाठी एखाद्या शेजाऱ्याला कसावयास देता येते का, ते पाहावे.

जर्मनीकडे पैसा आहे, शास्त्रज्ञ आहेत, दीडशे शेतांच्या नोंदी आहेत. तरीही आज चर बुजविण्याचा खर्च तिला करावा लागतो आहे, कारण माती घालविणे स्वस्त आणि ती परत आणणे फार महाग असते. आपल्याकडे तेवढा पैसा नाही. म्हणून आपल्याला परवडणारा मार्ग एकच आहे, आणि तो म्हणजे जे आहे ते न घालविणे. या मोसमात तोडणी झाल्यावर आपल्या शेतातल्या पाचटाला काडी लागू देऊ नका, एवढी सुरुवात प्रत्येकाला करता येण्यासारखी आहे. तिच्यासाठी कोणत्याही मंत्र्याच्या सहीची वाट पाहावी लागत नाही.